जरा बघा ना, मॅडम

दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की वर्षभर ज्यांना माझा नंबर आठवत नाही अशा लोकांचे फोन यायला लागतात. आधी तब्येत विचारतात, मग यंदा कापसाला भावच नाही हे सांगतात, मग दादर ज्वारी कशी आली, लाइट किती तास असते, आणि फोन ठेवता ठेवता, जणू आत्ताच आठवलं अशा आवाजात, "मॅडम, यंदा सुपरव्हिजन कुठल्या सेंटरला?" कॉपीचं नाव कुणीच काढत नाही. पोरगा घाबरट आहे, जरा बघा. पोरीचं जमतंय, समोरचे दहावी पास मागताहेत, जरा बघा. वातावरण मोकळं असलं म्हणजे झालं, बाकी काही नको आपल्याला.

मी पारोळा-अमळनेर पट्ट्यातल्या एका अनुदानित हायस्कूलात गणित-विज्ञान शिकवते. माहेर शिरपूरकडचं, सासर इथलं, त्यामुळे निम्मा धुळे-जळगाव जिल्हा कुठून ना कुठून नात्यात लागतो आणि त्यातलं कुणीतरी दरवर्षी दहावीला बसलेलं असतंच. फोन करणारे लोक वाईट नसतात हो. यातलेच एक आहेत, दुकानदारानं चुकून वीस रुपये जास्त परत दिले तर गाडी वळवून द्यायला जातात. पण परीक्षेचं त्यांना तसं वाटत नाही. लग्नात वाढणारा ओळखीचा निघाला की पानात श्रीखंड दोनदा पडतं, त्यात कुणाला चोरी वाटते का, तसंच हे.

२०१५ साली बिहारच्या वैशाली जिल्ह्यातला तो फोटो आला होता, आठवत असेल, शाळेच्या इमारतीला बाहेरून माणसं लटकलीत आणि खिडक्यांतून आत कॉप्या देताहेत. जगभर फिरला. आमच्या स्टाफरूममध्येही मोबाईल हातोहात गेला, सगळे पोट धरून हसले, आणि आमचे शिपाई मामा चहाचे कप गोळा करता करता म्हणाले, "आपल्याकडं कशाला चढतील भिंतीवर, दार उघडंच ऱ्हातं ना." मग जरा वेळ कुणी बोललं नाही.

मायक्रो झेरॉक्स ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते, कारण शहरातल्या बऱ्याच लोकांना कॉपी म्हणजे हातावर लिहिलेलं सूत्र एवढंच माहिती असतं. गाईडचं पान झेरॉक्सवर छोटं करायचं, त्या छोट्याचं अजून छोटं, असं करत करत अख्खं पान काडेपेटीएवढं होतं. त्याच्या पट्ट्या कापून, साडीच्या निऱ्या घालतात तशा घड्या घालून, वर रबर. विषयवार गठ्ठा मिळतो. परीक्षेच्या दिवसांत केंद्राजवळची झेरॉक्सची दुकानं बंद ठेवायचा आदेश निघतो, केंद्राच्या आसपास जमावबंदी लागते, पूर्वी कलम १४४ म्हणायचे ते आता नव्या कायद्यात १६३ झालंय, पण माल जानेवारीतच विकला गेलेला असतो. सॉक्समध्ये, पॅडच्या क्लिपखाली, पट्ट्याच्या आतल्या बाजूला, ओढणीच्या टोकाच्या गाठीत, आणि मुतारीत सैल विटेच्या मागं. एका पोराकडे विज्ञान भाग एकचा गठ्ठा सापडला त्यावर पेननं अनुक्रमणिका केली होती, धडा कुठल्या घडीत ते. एवढी व्यवस्थित वही त्यानं वर्षभरात कधी ठेवली नव्हती.

आता जे सांगायचंय ते त्याच पेपरचं. विज्ञान भाग एक, दुसऱ्याच शाळेचं केंद्र, माझा ब्लॉक वऱ्हांड्याच्या टोकाला. मागून दुसऱ्या बाकावर एक पोरगा फार मन लावून लिहीत होता आणि तेच मला खटकलं, कारण एवढ्या उन्हात पत्र्याखाली कुणी एवढं मन लावून लिहीत नाही. मागं जाऊन उभी राहिले. प्रश्नपत्रिकेखाली पट्टी होती. प्रश्न होता पाण्याच्या असंगत आचरणावरचा, उष्णता धड्यातला, त्याचं उत्तर पट्टीवर होतंही, दोन घड्या पुढं. पण हा उतरवत होता भिंगांचं. आणि उतरवत होता म्हणजे अक्षर न् अक्षर बघून चित्र काढावं तसं. पट्टीवर 'बहिर्वक्र' जिथं ओळ संपल्यामुळं तुटलं होतं तिथंच त्याच्या कागदावरही तुटलं होतं, 'बहि' वरच्या ओळीत आणि 'र्वक्र' खाली, जागा भरपूर असताना. शेवटी त्यानं 'आकृती पाहा' असंही लिहिलं आणि पुढच्या प्रश्नाला गेला. आकृती काही काढली नाही.

मी पट्टी घेतली आणि हळूच म्हटलं, हा प्रश्न मला वाचून दाखव. तो पेपरकडे बघत राहिला. मग अगदी खालच्या आवाजात, "माले वाचता येस नही, मॅडम."

दहावीतला पोरगा. मिशी फुटलेली. नांगरटीच्या ट्रॅक्टरवर बसून आलेला असावा, नखांत माती होती. आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नाही असा नियम होता तेव्हा तो आठवीपर्यंत आला, नववीत शाळेनं ढकलला कारण नववीत पोरं अडवली की दहावीचा पट कमी होतो, आणि दहावीत त्याच्या हातात कुणीतरी चाळीस-पन्नास रुपयांची पट्टी ठेवली. कॉपी करायला पण वाचता यावं लागतं हे त्या पट्टी विकणाऱ्याच्या, देणाऱ्याच्या, कुणाच्या डोक्यात आलं नसेल. मी केंद्र संचालकांकडे गेले, पट्टी दिली, केस करायची म्हटलं. ते पाणी पीत होते. म्हणाले, चिठ्ठी ठेवा इथं, पोराला लिहू द्या, एक केस झाली की केंद्रावर शिक्का बसतो आणि पुढच्या वर्षी केंद्रच जातं, मग आपल्या पोरांनी पंधरा किलोमीटरवर जायचं का एसटीनं? हा प्रश्न खोटा नव्हता, हीच तर अडचण आहे.

तो पास झाला. निकालाच्या दिवशी मी मुद्दाम चौकशी केली.

कसा झाला ते गणितानं सांगते, तेवढंच येतं मला. शंभरपैकी पास व्हायला ३५. त्यातले २० शाळेच्या हातात, प्रात्यक्षिक, तोंडी, वही, प्रकल्प, काय असेल ते. शाळेनं १९ दिले की बाहेरच्या ८० पैकी १६ लागतात. एका मार्काचे पर्याय, जोड्या, शेजाऱ्याची कृपा आणि तुटलेल्या 'बहिर्वक्र'साठी कुण्या दमलेल्या परीक्षकानं दिलेला अर्धा मार्क. हे १९ मी स्वतःही दरवर्षी भरते, सगळे भरतात, न भरणारा शिक्षक वेडा समजला जातो. २०१९ ला अभ्यासक्रम नवा होता आणि त्यातच भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे हे अंतर्गत मार्क बंद केले होते, तेव्हा राज्याचा दहावीचा निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. एवढा आरडाओरडा झाला की पुढच्याच वर्षी मार्क परत, आणि २०२० चा निकाल ९५.३०. मग कोविडच्या वर्षी, २०२१ ला, परीक्षाच झाली नाही, सगळे मार्क शाळेनं दिले, निकाल ९९.९५ टक्के. माझं आपलं प्रामाणिक मत असं की आमच्याकडची सगळ्यात मोठी कॉपी चिठ्ठीवर नसतेच, ती निळ्या शाईत, सही-शिक्क्यासकट, तक्त्यात असते. तिच्यावर भरारी पथक येत नाही.

बारावीच्या प्रॅक्टिकलचं तर विचारूच नका. तीस मार्क, आणि बाहेरून येणारे परीक्षक. त्यांच्यासाठी वरण-बट्टी, वांग्याचं भरीत, सीझन असला तर कळण्याची भाकरी, जाताना पिशवीत शेवेचं पाकीट. ब्युरेट कुठल्या बाजूनं धरतात हे माहीत नसलेल्या पोरालाही अठ्ठावीस. एकदा एक परीक्षक बाई खरंच पोरांना प्रश्न विचारत बसल्या, चार वाजले, जेवण थंड झालं, तर आमच्यातलेच एक म्हणाले, यांना पुढच्या वर्षी नका हो बोलवू.

हे सगळं का होतं, तर पोरांच्या प्रेमापोटी नाही. साखळी अशी आहे: निकाल चांगला लागला की पुढच्या वर्षी पोरं येतात, पोरं आली की संचमान्यतेत, म्हणजे पट मोजून शिक्षकांची पदं ठरवतात त्यात, पदं टिकतात, पट घसरला की कुणीतरी अतिरिक्त ठरतो आणि त्याला उचलून तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला टाकतात. मे महिन्याच्या उन्हात दारोदार फिरून दाखले गोळा करणारे शिक्षक मी पाहिलेत, सायकल देऊ, ड्रेस देऊ, रिक्षा लावून देऊ. त्यात मग शेवटचं वाक्य असतंच, आमच्याकडे नापास कुणी होत नाही. सतरा नंबरच्या फॉर्मवर बाहेरून बसणाऱ्यांचं वेगळंच, कुठलं केंद्र 'मोकळं' आहे याची त्यांना आमच्यापेक्षा पक्की माहिती असते, सुरतेत कामाला असलेली पोरं नेमकी त्याच केंद्रावर येऊन बसतात. पट्टी सापडलेला पोरगा या साखळीतली शेवटची कडी असतो आणि कारवाई मात्र तिथूनच सुरू होते आणि तिथंच संपते.

बंदोबस्त नाही असं नाही हं. महाराष्ट्रात परीक्षेतल्या गैरप्रकारांविरुद्धचा कायदा १९८२ पासून आहे. बोर्डानंही गेल्या काही वर्षांत बऱ्याच गोष्टी केल्या आणि त्यातल्या काही खरंच चांगल्या आहेत. प्रश्नपत्रिकांची पंचवीसची सीलबंद पाकिटं आता थेट वर्गात फुटतात, दोन पोरांच्या सह्या घेऊन, त्यामुळं ऑफिसात पाकीट 'जरा उघडून बघण्याची' सोय गेली. कस्टडीतून पेपर आणणाऱ्याच्या मोबाईलचं जीपीएस चालू ठेवायला लावलं. पूर्वी पेपर वाचायला आधी दहा मिनिटं द्यायचे, त्या दहा मिनिटांत पेपर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायचा म्हणून २०२३ पासून ती दहा मिनिटं उचलून शेवटी जोडली. साधी गोष्ट, पण काम करते. आणि २०२५ ला, ज्या केंद्रांवर आधीच्या परीक्षांत गैरप्रकार सापडले होते तिथले केंद्र संचालक, पर्यवेक्षक सगळे बाहेरच्या शाळांचे नेमले. सुरुवातीला सगळ्याच केंद्रांना लावणार होते, त्यावर जो गोंधळ झाला तो बघून मला वाटलं, औषध बरोबर जागी लागलंय.

कारण अनोळखी माणूस ही एवढी साधी युक्ती आहे की तिच्यापुढे ड्रोन-बिन काही नाही. अनोळखी माणसाला फोन करता येत नाही. त्याच्या सासरचं कुणी माहीत नसतं. पण अनोळखी माणसाचंही एक आहे, त्याला संध्याकाळी त्याच गावातून परत जायचं असतं. माझ्या ओळखीच्या एक मॅडम एका केंद्रावर कडक वागल्या, तर गाडीच्या दोन्ही चाकांत हवा नाही, आणि स्टँडवर चार पोरं नुसती उभी, काही बोलत नाहीत, नुसती उभी. दुसऱ्या दिवशी त्यांचे मिस्टर सोडायला आले आणि परीक्षा संपेपर्यंत येत राहिले. बाहेरचा माणूस नेमायचा तर त्याची जाण्यायेण्याची सोय आणि दारात एक पोलीस, हे त्याच आदेशात पाहिजे. पथकात महिला पाहिजेत हे तर सांगायलाच नको, पुरुष सुपरव्हायझर मुलीकडे नुसतं संशयानं बघत राहिले तरी तिचा पेपर गेलाच.

आणि शपथ. दरवर्षी जानेवारीत कॉपीमुक्त अभियान, २०२५ ला तर २० ते २६ जानेवारी अख्खा आठवडा, ग्राउंडवर पोरं रांगेत, हात पुढे, मी शपथ घेतो की. मला शपथेबद्दल वैर नाही पण एक गंमत सांगते. अमेरिकेत काही संशोधकांनी २०१२ साली दाखवलं होतं की फॉर्म भरायच्या आधी, वरच्या बाजूला, 'मी खरं लिहीन' अशी सही घेतली की लोक कमी खोटं बोलतात, शेवटी घेतली तर तेवढा उपयोग नाही. खूप गाजलं ते. मग त्याच लोकांनी पुन्हा करून बघितलं तर फरक दिसेना, आणि २०२१ मध्ये कळलं की मूळ अभ्यासातली एक आकडेवारीच बनावट होती, तो निबंध मागे घेतला. प्रामाणिकपणावरच्या संशोधनात कॉपी! मी हे स्टाफरूममध्ये सांगितलं तेव्हा आमचे इंग्रजीचे सर म्हणाले, त्यांच्याकडे पण अंतर्गत मूल्यमापन असेल.

पेपर कसा काढता यावर बरंच आहे. भाषांना बोर्डानं नेहमीच्या प्रश्नपत्रिकेऐवजी कृतिपत्रिका आणल्या तेव्हा मला बरं वाटलं होतं, म्हटलं आता पाठ केलेलं चालणार नाही, पण गाईडवाल्यांनी तयार उत्तरांसकट कृतिपत्रिकांचे संच काढले आणि पोरं ते पाठ करायला लागली. तरी माझा अनुभव असा की प्रश्न पोराच्या स्वतःच्या घरातला असला की कॉपीचा अर्धा जीव जातो. विद्युतधारेच्या धड्याला मी घटक चाचणी अशी घेते: पुस्तक आणा, गाईड आणा, काय आणायचं ते आणा, फक्त घरचं लाइटबिल आणा. एक युनिट म्हणजे एक किलोवॅट तास हे पुस्तकात आहेच. ज्याच्या विहिरीवर पाच एचपीची मोटर आहे त्यानं काढायचं, एक एचपी ७४६ वॅट, म्हणजे पाचला ३७३०, रात्रीची आठ तास लाइट मिळाली तर जवळजवळ तीस युनिट. ज्याच्याकडे शेत नाही त्यानं पंखा, फ्रिज, आईची पिठाची गिरणी. शेजाऱ्याचं बघून काय लिहिणार, त्याची मोटर साडेसातची. पोरं एकमेकांशी बोलतात त्या चाचणीत, बोलू देते, कारण बोलतात ते 'तुमच्याकडे पंपाला मीटर नाही का' असलं. एकदा दोन पोरांची उत्तरं पॉइंटसकट सारखी आली, बोलावलं, तर सख्खे चुलतभाऊ, एकाच घरात, एकच बिल. आता त्यांना काय म्हणणार. बोर्डाला लाखो पोरांची अशी परीक्षा घेता येणार नाही हे मला कळतं. पण ते वीस मार्क आमच्याच हातात आहेत ना, ते असे देता येतात, आणि प्रकल्पवही आता चॅटजीपीटीच लिहून देतं म्हटल्यावर तर दुसरा इलाजही नाही. प्रकल्प आणला की मी वही बंद करून एकच विचारते, यातलं तुला सगळ्यात अवघड काय गेलं. ज्यानं केलंय तो दहा मिनिटं बोलतो.

पकडल्यावर काय करायचं, हे आम्हाला कुणी धड शिकवत नाही. पथक आत येतं ते दार आपटूनच, मग एकाला कॉलर धरून उभं करायचं, आणि बाकीचा वर्ग पंधरा मिनिटं थरथरत असतो, त्यातली प्रामाणिक पोरंसुद्धा. माझं म्हणणं, आवाज करायचाच नाही. चिठ्ठी घ्या, उत्तरपत्रिकेवर वेळ टाका, तोपर्यंत काय लिहिलंय ते दिसेल अशी रेघ मारा, सही करा. कॉलेजच्या परीक्षांत बऱ्याच ठिकाणी पहिली उत्तरपत्रिका जप्त करून दुसरी कोरी देतात, उरलेला पेपर लिही म्हणतात, निर्णय नंतर समितीचा. मला ती पद्धत आवडते. विद्यापीठाच्या कायद्यात कलम ४८ (५) ची समिती आहे, पोराला बोलावून त्याचं म्हणणं ऐकावं लागतं, आमचे कॉलेजवाले मित्र तिला नुसतं 'अठ्ठेचाळीस पाच' म्हणतात. तिथं ऐकून घेतात किती आणि उरकतात किती हा भाग वेगळा.

आणि जबाब! पकडलेल्या पोराकडून लेखी जबाब घ्यायचा असतो, स्वतःच्या शब्दांत, तर आम्ही सांगतो आणि पोरगा उतरवतो. 'मी अमुक अमुक, माझ्याकडे सदर साहित्य आढळून आले असून' वगैरे. ज्याला परीक्षेत दुसऱ्याचं उतरवलं म्हणून पकडलं त्याच्याकडून दुसऱ्याचं उतरवून घ्यायचं. अहिराणीत लिहू द्या ना त्याला, त्याला येतं तसं. लिहिताच येत नसेल तर तेही कळेल, वेळेवर.

पोराला एकट्याला घरी पाठवू नये, हे मात्र मी प्रत्येक मीटिंगमध्ये सांगते आणि सांगत राहणार. त्या वयात चार लोकांसमोर उभं केलेलं पोर वाटेत विहिरीपाशी थांबेल की नाही याची खात्री कुणी देऊ शकत नाही. पालक येईपर्यंत बसवून ठेवा, पाणी द्या, आणि हेडसरांच्या केबिनमध्ये नको, जिथं येणारे-जाणारे बघतील तिथं नको.

शिक्षा कुणाला होते तेही बघा. संपादणूक रद्द, म्हणजे त्या परीक्षेचे मार्क गेले, वर एक-दोन परीक्षांना बंदी, हे ज्याचा वाली कुणी नाही त्याच्या वाट्याला. मुलीला झाली तर तिची शाळा तिथंच संपते, पुढच्या वर्षी ती फॉर्म भरत नाही, अक्षय्य तृतीयेनंतर तिच्या लग्नाची पत्रिका येते. केंद्र सरकारनं २०२४ ला नवा कायदा आणला, नीट-बीटचा गोंधळ झाला तेव्हा जून महिन्यात लागू केला, नीट, यूपीएससी, रेल्वे, बँकांच्या परीक्षांसाठी. तीन ते पाच वर्षं कैद, दहा लाखांपर्यंत दंड, संघटित टोळी असेल तर पाच ते दहा वर्षं आणि किमान एक कोटी. मला त्यातलं आवडलं ते हे की परीक्षेला बसणाऱ्या पोराला त्या कायद्यानं तुरुंगाच्या रांगेत उभं केलेलं नाही, त्याचं काय ते परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या नियमांनी. पेपर फोडणारा, विकणारा, आतून मदत करणारा, यांच्यासाठी तो कायदा. दहावी-बारावीला हाच हिशोब हवा. पट्टी वापरणाऱ्याला त्या विषयापुरतं जे व्हायचं ते होऊ दे, पण पट्टी पुरवणाऱ्या, फळ्यावर उत्तरं लिहून देणाऱ्या शिक्षकाची नोकरी जायलाच पाहिजे, आणि हे मी त्याच धंद्यात राहून म्हणते. आपल्याकडे २०१९ च्या टीईटीत मार्क वाढवून घेतलेले सात हजारांवर उमेदवार नंतर सापडले, म्हणजे शिक्षक व्हायच्या परीक्षेत. त्यातले जे तेव्हा वर्गावर पोचले होते ते सुपरव्हिजन काय करणार होते?

एवढं करून लोक कॉपीला जी कारणं देतात त्यातलं सगळ्यात मोठं कारण जुनं झालंय, 'पोराचं वर्ष वाया जाईल'. पूर्वी जायचं. ऑक्टोबरला पुन्हा बसायचं, निकाल येईपर्यंत अर्धं वर्ष गेलेलं, मग ढोरामागं नाहीतर सुरतेला. पण २०१५ पासून दहावीला निकालानंतर लगेच फेरपरीक्षा होते, जुलैच्या आसपास, आणि एक-दोन विषय राहिले तरी एटीकेटीवर अकरावीला बसता येतं. हे गावात विचारा, दहातल्या आठ घरांना माहीत नसतं. शाळा सांगत नाहीत, कारण सांगितलं म्हणजे नापास होऊ शकतो हे कबूल केल्यासारखं होतं.

मागे एका ओळखीच्या बापूंना मी हेच सांगितलं होतं, फोनवर, त्यांच्या 'जरा बघा'च्या उत्तरादाखल. म्हटलं गणित राहील त्याचं, राहू द्या, मे महिनाभर माझ्याकडे पाठवा, जुलैला निघेल. रागावले, नात्याचा उद्धार झाला, पण पोरगा आला. सुट्टीत रोज, सायकलवर, डोक्याला उपरणं गुंडाळून. अपूर्णांकांची बेरीज येत नव्हती त्याला, चौथी-पाचवीतली, बाकी डोकं चांगलं. जुलैला एक्केचाळीस मार्क. बापू घरी आले, केळीचा घड घेऊन, चहा प्याले, आणि उठता उठता म्हणाले, "पास व्हयना, चांगलं व्हयनं. पन मॅडम, तुम्ही मार्चमाच देखी लेतात तं मना परीक्षानी फी तरी वाचती." मी केळी ठेवून घेतली.

तेव्हापासून एक सुरू केलंय. ऑगस्टमध्ये नववीच्या पोरांना एकेकाला बोलावून एक उतारा वाचायला देते, पुस्तकातला नाही, लोकमत नाहीतर देशदूतचं त्या दिवशीचं पान. ज्यांना जमत नाही त्यांना सकाळी शाळेआधी बसवते. त्यात अहिराणी बोलणारी असतात, सातपुड्यातून पावरी बोलत आलेली असतात, त्यांना पुस्तकातली मराठी हीच मुळात दुसरी भाषा, ती आधी सोडवावी लागते मग विज्ञान. पाऊस असला की येत नाहीत. कापूस वेचणी सुरू झाली की अर्धी गायब, दिवाळीनंतर घरोघर जाऊन पुन्हा गोळा करायची. हेडसर म्हणाले, चांगला उपक्रम आहे मॅडम, पण रिपोर्टमध्ये कुठल्या रकान्यात दाखवू? म्हटलं कॉपीमुक्त अभियानात टाका. त्यांनी फॉर्म उलटासुलटा करून बघितला. तिथं फक्त शपथेचा फोटो अपलोड होतो.